कारणासाठी बोटभर जागा

मित्रांनो, मी एक जुना कार्बन पेपर आहे. दोन कागदांच्या मध्ये मला ठेवतात. वर लिहिलेले मी खाली उतरवतो. शंभर भावंडांच्या पाकिटातून मी बस डेपोच्या कचेरीत आलो. भावंडांना नाना कामे मिळाली. माझ्या नशिबी एकच, राजीनाम्याचा फॉर्म.

नाव. हुद्दा. नोकरी सोडण्याचे कारण.

कारणासाठी जागा बोटभर.

पहिला ड्रायव्हर आला. त्याने लिहिले : 'सुट्टीला घरी गेलो, तर मुलीने आईला सांगितले, ते काका आलेत.' मग खोडले. वर लिहिले, 'वैयक्तिक'.

मेकॅनिक. 'झोपेतही कानात इंजिन चालू असते.' खोडले.

वैयक्तिक.

फॉर्मवर काट माराल, मित्रांनो, पण माझ्या अंगावर काटेखालची अक्षरेही राहतात. हे फक्त फाईलबाईंना ठाऊक होते. फॉर्म सांभाळणाऱ्या त्याच. नवा राजीनामा आला, की त्या मला खिडकीशी धरून वाचत. मला तेवढेच कौतुक.

जेवणाच्या सुट्टीत बाई कचेरीतल्या फाटक्या खुर्च्यांना वेत विणत. कोणी सांगितले नव्हते. साहेबांची खुर्चीही त्यांनीच विणलेली.

बाईंना नोकरीत बावीस वर्षे झाली. एका दुपारी त्यांनी मला दोन कागदांमध्ये ठेवले आणि नावापुढे स्वतःचे नाव लिहिले.

थोरल्या बहिणीने आदल्या दिवशीच बजावले होते, पेन्शनला आठ वर्षे उरलीत, हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस. बाईंनी ते साहेबांना हसत सांगितले. हात मात्र नेहमीपेक्षा जोरात दाबत होता. माझ्यावरच टेकला होता, मला कळणारच.

कारण : 'दिवसभर इथे जे करते ते संध्याकाळी कुठे दिसत नाही. विणलेली खुर्ची दिसते'

ओळ समासात घुसली. साहेबांनी मान वाकवून वाचले.

"बाई, एवढं कोण वाचतंय? वैयक्तिक लिहा आणि मोकळ्या व्हा."

पेन ओळीच्या सुरुवातीला परत आले. टेकले. मला वाटले, झाले, आता हेही खोडणार. माझ्यातली शाई संपत आली होती. एका काटेपुरती उरली असेल.

बाई म्हणाल्या, "कोण कशाला, साहेब? तुम्ही बसलाय त्या खुर्चीला विचारा."

साहेब खुर्चीत जरा सरकून बसले. पेन ओळीच्या शेवटी गेले आणि बाईंनी पूर्णविराम दिला. इतका जोरात, की मला भोक पडले.

त्यानंतर मी कामाचा उरलो नाही. कोणी टाकलेही नाही; खिडकीतल्या फायलीखालून अर्धा बाहेर लोंबतो आहे. दुपारी त्या भोकातून उन्हाचा एक ठिपका टेबलावर पडतो.

मित्रांनो, जुना कार्बन चुरगळण्याआधी एकदा उजेडाला धरा. आणि कोणी काम सोडून निघाले, तर कारण जरूर विचारा. फक्त ऐकायला बोटभराहून जास्त जागा ठेवा.