वाकुल्यांचा व्यायाम

मोठी मावशी म्हणजे शाळेची मुख्याध्यापिका. वाकुल्या दाखवणाऱ्या किती पोरांना तिने वर्गाबाहेर उभं केलं, त्याची गणतीच नाही. त्यामुळे इस्पितळातल्या मुलांच्या वॉर्डात व्यायामाच्या ताई आल्या आणि "हिला दिवसातून पाच वेळा वाकुल्या दाखवायला लावा" म्हणाल्या, तेव्हा मावशीला वाटलं, आपल्याच ऐकण्यात काहीतरी चूक झाली.

"काय लावू?"

"वाकुल्या. जीभ बाहेर, गाल फुगवून, आ वासून. जखम भरताना कातडी आक्रसते. आत्ता ताणली नाही, तर पुढे घास जाण्याइतकंही तोंड उघडणार नाही."

मावशीची सात वर्षांची भाची, भिंगरी, पलंगावर बसून ऐकत होती. महिन्यापूर्वी उकळत्या पाण्याचं पातेलं तिच्या अंगावर कलंडलं होतं. हनुवटी, गळा आणि ओठांचा उजवा कोपरा भाजला होता. आई ओली बाळंतीण, म्हणून मावशी रजा टाकून आली होती. एरवी घर डोक्यावर घेणारी पोर, पण तोंड उघडलं की दुखायचं, म्हणून ती गप्पच असायची.

"आधी तू कर," ती दातांतल्या दातांत म्हणाली.

"मी? अगं, मी मुख्याध्यापिका आहे!"

"मग मीपण नाही."

मावशीने पडदा ओढला, इकडेतिकडे पाहिलं आणि प्रार्थनेला उभं राहावं इतक्या गंभीरपणे जिभेचं टोक बाहेर काढलं.

"ही कसली वाकुली? नापास."

हे मात्र वर्मी लागलं. आजवर मावशीला कोणी नापास केलं नव्हतं. तिने चष्मा काढला, डोळे फिरवले, कानांशी हात हलवले आणि वीतभर जीभ काढली. भिंगरी खुदकन हसली. हसता हसता कळवळली, डोळ्यांत पाणी आलं, तरी हसलीच. मावशीही थांबली नाही.

तेवढ्यात पडदा सरकला. शिकाऊ डॉक्टरांचा लवाजमा घेऊन मोठे डॉक्टर उभे! मावशीची जीभ बाहेरच.

डॉक्टरांनी फाइल पाहिली, मावशीला पाहिलं. "यातला पेशंट कोण?"

शिकाऊंनी ओठ चावले. मावशीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"डॉक्टर, आता तुमचा नंबर," भिंगरी म्हणाली.

ज्यांच्यासमोर अख्खा वॉर्ड चळचळा कापायचा, त्यांनी निमूट गाल फुगवले. ते पाहून शेजारच्या पलंगावरची, पायाला वजनं टांगलेली मुलगी ओरडली, "मलापण!"

दुसऱ्या दिवसापासून रोज दहाच्या ठोक्याला सगळा वॉर्ड वाकुल्या दाखवू लागला. मावशी मधोमध उभी. "खिडकीपाशी कोण कुचराई करतंय? जीभ दिसत नाही मला!"

ताई दर आठवड्याला मोजायच्या. आधी भिंगरीच्या तोंडात तिचं एकच बोट मावायचं. मग एकावर एक दोन. चौथ्या आठवड्यात तीन मावली, म्हणजे घास सहज जाईल इतकं तोंड उघडलं.

मावशी व्हरांड्यात गेली आणि चष्मा पुसत परत आली.

"सर्दी झालीय."

"खोटं. रडलीस तू."

"बरं, रडले. चल, आजच्या अजून दोन राहिल्यात. आ कर!"