गॅसच्या गाडीतला डिझेलचा म्हातारा

मित्रांनो, मी एक जुनं डिझेल इंजिन आहे. मला बघायला आलात तर आधी फसाल. बाहेरून दिसते ती पांढरी, बऱ्यापैकी नवी पिकअप गाडी. ती गॅसवर चालते असं सांगणारी हिरवी चिकटपट्टीसुद्धा मागच्या फळीवर अजून तशीच आहे. पण बॉनेट उचललंत की आत मी बसलेला दिसेन, काळाकुट्ट, तेलकट आणि वयानं त्या गाडीच्या दुपटीहून मोठा. नव्या घरातला म्हातारा भाडेकरू म्हणालात तरी मला राग येणार नाही. पूर्वी यायचा.

माझी पहिली गाडी होती जीप. सिन्नर ते नाशिक अशी ती भाड्यानं धावायची आणि तिचा ड्रायव्हर होता गोरक्ष. नियमात बसायची नऊ माणसं आणि प्रत्यक्षात किती बसायची ते विचारू नका. भाजीच्या पाट्या, कोंबड्या, एकदा तर नवरदेवसुद्धा मी वाहिला. मोहदरीच्या घाटात बाकीच्या जीपा धापा टाकायच्या, तेव्हा मी आपला एका सुरात चढायचो. "गोरक्षच्या जीपला घाट कळतच नाय," असं लोक म्हणायचे. ते ऐकून मी थोडा जास्तच धूर सोडत असे. कौतुक कोणाला नको असतं?

पुढे जीपचा पत्रा गंजला. पायाखाली भोकं पडली आणि एका म्हातारीची चप्पल त्यातून रस्त्यावर पडली, तेव्हा जीपचे दिवस भरले हे गोरक्षनं ओळखलं. गोटीराम भंगारवाला जीप तोडून घेऊन गेला. मला मात्र गोरक्षनं दिलं नाही. गोठ्याच्या कोपऱ्यात दोन ओंडक्यांवर बसवून वर ताडपत्री टाकली.

गोटीराम दर वर्षी यायचा आणि मला ठोकून बघायचा. "बाबा, लोखंड चांगलं जड हाय."

"लोखंड नाय ते, इंजिन हाय," गोरक्ष म्हणायचा.

रस्त्यावर असताना अमावास्येला जीपला लिंबू बांधायची त्याची रीत होती. मी गोठ्यात गेल्यावरही त्यानं अमावास्या सोडली नाही. त्या दिवशी तो माझ्यात थोडं तेल सोडायचा आणि मोठा पाना लावून मला हातानं दोन वेढे फिरवायचा, म्हणजे मी आतून गंजून जाम होऊ नये. खंडेनवमीला हळदकुंकू मिळायचं. बाकीचे दिवस माझ्यावर कोंबडी अंडी घालायची. खोटं कशाला सांगू, मला फार एकटं वाटायचं. अशी अकरा वर्षं गेली.

गोरक्षची लेक उज्वला जवळच्याच गावात दिली आहे. तिनं आणि तिचा नवरा अमोल यानं घरामागच्या उघड्या टेकडीवर केशर आंब्याची सहाशे कलमं लावली. टेकडीवर वीज नाही. विहीर खाली आणि झाडं वर. म्हणून त्यांनी एक अपघातात दबलेली गॅसची पिकअप घेतली. रस्त्यावरचे तिचे कागद आधीच रद्द झालेले होते, पण बांधाच्या आत पाण्याची टाकी वर न्यायला ती पुरेशी होती. एप्रिलच्या उन्हात पहिल्या गिअरला चढून चढून तिचं इंजिन तापलं आणि एक दिवस त्याचं हेड तडकलं. दुसरं मिळायला महिना लागणार होता. गावातले सगळे ट्रॅक्टर कांद्यात गुंतलेले. आणि कलमांची पानं तर आत्ताच माना टाकू लागली होती. दोन वर्षं त्या पोरीनं ती झाडं तळहातावरच्या फोडासारखी जपली होती.

गोरक्षनं ऐकलं आणि ताडपत्री काढली. "घेऊन जा," एवढंच तो म्हणाला. माझ्या मागोमाग तो आणि त्याची बायकोही लेकीकडे राहायला आली.

नाशिकहून नियाज मिस्त्री आला. त्यानं कडुनिंबाखाली तीन बल्ल्या उभ्या करून चेन कप्पी टांगली. माझे पाय त्या गाडीच्या पायांशी जुळेनात. मग त्यानं जुने आधार कापले, नवे जोडले. मला गिअरबॉक्सशी जोडायची जाड पाटी सिन्नरच्या लेथवरून करून आणली, माझ्या वजनासाठी पुढच्या स्प्रिंगांना एकेक पाटा वाढवला. गॅसच्या नळ्या निघाल्या, डिझेलची टाकी बसली. चौथ्या दिवशी मी खोकलो, थरथरलो आणि सुरू झालो. आनंदानं अमोलनं किल्ली काढून हातात धरली, तरी मी चालूच! तो घाबरून दोन पावलं मागे सरला.

नियाज हसला. "किल्लीनं नाय मरत हे. जुनं डिझेल हाय ना! ही मूठ खेचायची." त्यानं सीटजवळची तार ओढली आणि मी थांबलो. मग तो म्हणाला, "आणि दादा, डिझेलचा काटा अजून जोडला नाय. पुढच्या आठवड्यात येतो. तोवर टाकीत काडी घालून बघत जा."

"संपलं तर संपलं. कॅन असतो ना बरोबर," अमोल म्हणाला. गॅसच्या गाडीची सवय! तिथं संपलं की भरायचं आणि निघायचं.

गोरक्ष तिथंच खाटेवर बसला होता. त्याचे ओठ हललेले मी पाहिले. डिझेलची टाकी कोरडी पडली की नळ्यांत हवा शिरते आणि मग वरून कितीही ओता, माझ्यापर्यंत थेंब पोचत नाही, हे त्याला पाठ होतं. पण तो बोलला नाही. जावयाच्या दारात सासऱ्यानं शहाणपण सांगू नये, ही त्याची जुनी समजूत. त्यात इंजिन आपण दिलेलं. आणखी सूचना केल्या तर मिरवल्यासारखं दिसेल. आणि अमोलही भिडस्त. सासऱ्याला कामाचं विचारायला त्याला संकोच वाटे.

दोन दिवस मी पाणी वाहिलं. खालची चारशे झाडं भिजली. तिसऱ्या दिवशी सकाळी वरच्या दोनशे झाडांची पाळी होती. त्यांना पाणी मिळून नऊ दिवस झाले होते. पाण्याची भरली टाकी घेऊन मी अर्ध्या चढावर आलो आणि घशाला कोरड पडली. दोन आचके दिले आणि बंद.

अमोलनं कॅन ओतला, किल्ली फिरवली. पुन्हा फिरवली. फिरवत राहिला, शेवटी बॅटरीनंही मान टाकली. नियाजचा फोन लागेना. उज्वला आणि शेजारची कलाबाई डोक्यावर हंडे घेऊन चढू लागल्या, पण दोनशे झाडांना हंड्यांनी काय होणार? अमोल घामानं निथळत घरी आला आणि ओसरीवर बसला. घर टेकडीच्या पायथ्याशीच, त्यामुळे चढावरून मला सगळं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं.

"मेलं ते," तो म्हणाला. "गोटीरामला बोलवा. मी ट्रॅक्टरवाल्याच्या पाया पडतो."

मित्रांनो, अकरा वर्षं मला त्या नावाची भीती वाटली नव्हती. त्या दिवशी वाटली.

गोरक्ष खाली मान घालून बसला होता. त्याची बायको सिंधुबाई चुलीपुढून उठून आली. तिला नवऱ्याचा चेहरा वाचायला चष्मा लागत नाही.

"तुमाला ठावं हाय काय झालंय ते," ती म्हणाली. "मग मूग गिळून का बसलाय?"

"जावयाच्या घरात मी काय बोलू?"

"सासरा म्हणून नका जाऊ. डायवर म्हणून जा!"

गोरक्ष उठला. दहाचा पाना आणि एक फडकं घेऊन टेकडी चढला. मोतीबिंदूमुळे त्याला दिसतं कमी, पण माझ्या अंगावर हात ठेवल्यावर त्याला डोळे लागत नाहीत. त्यानं फिल्टरवरचा बोल्ट सैल केला आणि शेजारचा छोटा हातपंप दाबू लागला. आधी नुसता फेस आला. मग बुडबुडे. तो दाबत राहिला. शेवटी स्वच्छ डिझेलची सलग धार आली, तशी त्यानं बोल्ट आवळला. माझ्या छातीवरचा दगड उतरला.

"मामा, बॅटरी मेलीय," अमोल म्हणाला.

"बसा अमोलराव. रिव्हर्स टाका, क्लच दाबून धरा. चाकामागचा दगड काढतो. गाडी मागं सुटली की क्लच झटकन सोडा."

"आणि नाही लागलं तर?"

"मागं सरळ नांगरट हाय, ढेकळात अडंल. पर लागंल."

अमोलनं क्षणभर सासऱ्याकडे पाहिलं आणि तो बसला. सगळ्यांना बाजूला करून गोरक्षनं लांब दांड्यानं दगड ढकलला. गाडी पाण्याच्या वजनासकट मागे निघाली. एक हात, दोन हात, पाच हात. क्लच सुटला, मला जोराचा हिसका बसला आणि काळ्या धुराचा एक लोट सोडून मी धडधडलो. खरं सांगतो, घाटातल्या सगळ्या कौतुकापेक्षा त्या वेळी उज्वलाच्या तोंडून निघालेलं "हुश्श!" मला जास्त गोड वाटलं. डोक्यावरचा हंडा तसाच ठेवून ती रडत रडत हसत होती.

दिवसभरात आम्ही नऊ खेपा केल्या. गोरक्ष पुढच्या सीटवर बसून होता. "सासरा बोलतोय असं समजू नका," असं आधी म्हणून तो एकेक गोष्ट सांगत होता. चौथ्या खेपेपर्यंत त्यानं ते म्हणणं सोडून दिलं, कारण अमोलच विचारत होता. ऊन उतरायच्या आत शेवटच्या आळ्यात पाणी गेलं. एक झाड जळालं. एकशे नव्व्याण्णव वाचली.

गाडी कडुनिंबाखाली आली. अमोलनं मुठीवरचा हात काढून घेतला. "मामा, बंद तुम्ही करा."

गोरक्षनं तार ओढली. मी थांबलो. इतकी निवांत झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं तुम्हाला सगळेच सांगतील. मी एक जास्तीचं मागतो. त्या वस्तूबरोबर तिचा माणूसही असतो. तिला भंगारात काढण्याआधी त्याला एकदा विचारा. त्यानं मूग गिळले असतील तर दोनदा विचारा. आमच्या घरी आता दर सकाळी अमोल हाक मारतो, "मामा, काडी घालून बघितली का?" आणि टाकी अर्धी भरलेली असली, तरी दोघं मिळून ती पुन्हा बघतात.