कंबरेचा पट्टा

बेल वाजली तशी तिने नवऱ्याला पलंगावर बसतं केलं आणि कंबरेचा पट्टा दोन्ही बाजूंनी ओढून आवळला. तो मुकाट हात वर करून बसला. कंबरेला काहीच झालेलं नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी डेपोत जायच्या वेळी बुटाची नाडी बांधताना तो रडायला लागला आणि थांबेचना. तेव्हापासून दोघं लांबच्या एका मनाच्या डॉक्टरकडे गुपचूप जात होती. डेपोत कळलं असतं तर त्याच्या हातात पुन्हा बस दिली नसती. म्हणून तिने मणका सरकल्याचं कळवलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आला होता त्याच्याच बसचा कंडक्टर, अकरा वर्षांचा जोडीदार. सफरचंदं आणली होती. साहेबांनी रजा वाढवली, सगळे आठवण काढतात, असं तो सांगत बसला. कंबर गेली नाही तो ड्रायव्हर कसला, अशी चेष्टाही त्याने केली. नवरा कितीतरी दिवसांनी हसला. कंबरेची चौकशी माणसं किती मायेने करतात, हे बघून तिला भरून आलं.

निघताना कंडक्टर दारात घुटमळला. चपला घातल्या, तरी त्याचा पाय निघेना.

"वहिनी, यांचा डॉक्टर कोण? मलाही दाखवायचंय."

"तुमचीही कंबर?"

"कंबरच असेल." तो खाली बघत म्हणाला. "जेवण जात नाही. सकाळी उठावंसंच वाटत नाही. परवा तिकिटं देता देता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, कशाचं कोण जाणे. घरी बोललो नाही. कंबरेनं होतं ना असं?"

यातला शब्द न् शब्द तिच्या ओळखीचा होता. त्या लांबच्या डॉक्टरचा पत्ता तिच्या अगदी जिभेवर आला. पण उद्या हा डेपोत कुणापाशी बोलला तर?

"होतं," ती म्हणाली, आणि तिने बाजारातल्या हाडांच्या डॉक्टरचं नाव सांगितलं.

त्याने ते जपून लिहून घेतलं.

"बरं झालं विचारलं. मी भलतंच काहीतरी समजून बसलो होतो."

तो जिना उतरू लागला. ती वळली तर नवरा तिच्या मागेच उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. खालच्या पायऱ्यांवर चपला अजून वाजत होत्या. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. दोघांपैकी कुणीच मारली नाही.