पहिल्या ओळीचा मान

मित्रांनो, मी कराडच्या एका सॉफ्टवेअर ऑफिसातला जुना पांढरा फळा आहे. माझा जन्म कुपवाडच्या एका शेडमध्ये झाला. हुसेनभाईंनी माझ्या चौकटीचे कोपरे घासून गुळगुळीत केले, अंगावरून हात फिरवला आणि म्हणाले, "जा बाबा, शिकल्यासवरल्या माणसांत जा." भला माणूस. त्यांना कल्पना नव्हती.

इथे साखर कारखान्यांच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर तयार होतं. ते कारखान्यात जाण्याआधी त्यातल्या चुका हुडकणारी चार माणसं माझ्यासमोर बसतात. आधी काय तपासायचं आणि मग काय, हे माझ्यावर लिहायचं, एवढंच माझं काम. पहिल्या दिवशी मला हार घातला, नारळ फोडला, फोटो काढले. पुढे डोकं वापरायचं होतं. तिथे कार्यक्रम संपला.

टीमचे प्रमुख विश्वजितसर. लग्नाच्या मांडवात पाहुण्यांचे सत्कार ज्या क्रमाने पुकारतात, त्याच क्रमाने ते माझ्यावर कामं लिहीत. फोन करणारा जेवढा मोठा, तेवढी त्याची तक्रार वर. आणि सगळं तांबड्या शाईत. निळं पेन अजून वेष्टनात आहे.

एका कारखान्याची मोळी परवा पडायची होती, म्हणजे उसाचा गळीत हंगाम सुरू व्हायचा होता. त्या दिवशी काट्यावर टीममधली नूरीन उभी राहणार होती, आणि तिला एक चूक सापडली होती.

"आवं सर, ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या असल्या की दुसरीचं वजन पहिलीवर बसतंय. पहिली गायबच! परवा ड्रायव्हर मलाच धरतील."

"करू की गं," सर म्हणाले. "आधी संचालकांचं बघ. स्क्रीनवर त्यांचा फोटो लय बारका दिसतोय म्हणत्यात. दोनदा फोन आलाय."

"आणि ट्रॉली?"

"ट्रॉली कुठं फोन करती व्हय?"

शेजारचा पप्पू खदाखदा हसला. त्याच्याकडे हिरवं बटण आणखी हिरवं करण्याचं तातडीचं काम होतं. संध्याकाळपर्यंत नूरीनची ओळ घसरत माझ्या तळाशी गेली.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी आली. मला लख्ख पुसून तिने एकच ओळ लिहिली : 'चेअरमनसाहेबांच्या सासूबाईंच्या दोन ट्रॉल्या.'

विश्वजितसरांनी वाचलं आणि पाठीवरची बॅगही न उतरवता ओरडले, "पप्पू, मर्दा, सोड ते बटण! सासूबाईंचं हाय!"

चौघं तुटून पडले. डबे उघडायच्या आत चूक नेमकी कुठे आहे ते कळलं, दुरुस्ती झाली, पुन्हा तपासूनही झालं.

"सासूबाईंचा फोन कुणी घेतला गं?" सरांनी भाकरी मोडता मोडता विचारलं.

"कुणीच न्हाई, सर. त्यांचा ऊसच न्हाई."

मोळीच्या दिवशी दोन्ही ट्रॉल्या आपापल्या वजनानिशी काट्यावरून उतरल्या. नूरीन सुखरूप परत आली. आता सरांना धडा मिळाला असेल, असं मला वाटलं. मिळालाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यावर अकरा सासूबाई होत्या, सगळ्या तांबड्या.

मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. फळा पुसताना ओलं फडकं वापरा आणि लिहिताना डोकं. फडकं नसलं तरी चालेल.