नावानिशी माफी

चाळणीवर बोटांचा ठेका पडला, टक् टक् टक्, आणि शुक्रवारपासून त्या घरात साचलेली मुकी शांतता तुटली.

दमियानानं पीठ चाळायला घेतलं होतं. डोक्यावर छप्पर नव्हतं. छपराची खजुराची खोडं कोळसा होऊन आडवी पडली होती आणि वर सरळ आभाळ दिसत होतं. धड उभी होती ती एक अंगणातली मातीची भट्टी. आगीनं घर खाल्लं, म्हशीचं पारडू खाल्लं, भट्टी मात्र आणखी पक्की भाजून ठेवली.

तिचा सासरा, म्हातारा तादरस, काळ्या भिंतीला टेकून बसला होता. "भाकरी कुणासाठी करतीस?" त्यानं विचारलं.

"तुमचा ल्योक घरी आला तर काय राख खाईल?"

तिचा नवरा विसा ठाण्यात होता. घर जळलं विसाचं आणि कोंडलंही विसालाच. ठाणेदाराचं म्हणणं असं, की दोन्ही बाजूंची माणसं आत घेतली म्हणजे न्याय सारखा झाला. दुसऱ्या बाजूची माणसं त्याच संध्याकाळी चहा पिऊन सुटली, ते त्यानं सांगितलं नाही.

आणि गुन्हा कसला, तर प्रार्थनेचा. गावात चर्च नव्हतं, बांधू देत नव्हते. कालव्यापलीकडून अबूना बखूम, त्यांचे पाद्री, शुक्रवारी गाढवावर बसून यायचे आणि गावातली मूठभर ख्रिस्ती घरं दमियानाच्या पुढच्या खोलीत दाटीवाटीनं उभी राहायची. कुणीतरी उठवलं, या घरावर आता घंटा बसणार. दुपारी जमाव आला. रॉकेलचे डबे बरोबर घेऊनच आला, म्हणजे राग काही वाटेत आलेला नव्हता.

आज मुखिया हाजी रिदवानच्या बैठकीत समेट होता. त्या बैठकीत बाईला आजवर चहापलीकडं काही मागितलेलं नव्हतं. आज तिचा शब्द मागत होते. निरोप आधीच आला होता. दमियानानं एवढंच म्हणायचं, की आग माझ्याच भट्टीतनं उडाली. खटला मिटला, आणि विसा संध्याकाळी घरी.

उसातल्या पायवाटेनं जाताना म्हातारा तिला समजावत राहिला. विसाची छाती आधीच कमजोर, कोठडीत ओल असते, पोर रात्री दचकून उठते. शेवटी थांबून, काठीवर भार देऊन म्हणाला, "चार शबुद तर हायत. म्हनून टाक. खोट्याचं पाप माझ्या डोस्क्यावर घाल."

तिनं लेकीचा, लहानग्या ईरिनीचा हात घट्ट धरला.

बैठकीत गाव बसलं होतं. एक पोलीस होता. अबूना बखूम कोपऱ्यात मान खाली घालून होते, दाढी एका अंगानं होरपळलेली. हाजीनं गोड सुरुवात केली. आपण भाऊ-भाऊ, एका पाण्यावर वाढलो, एकाच भट्टीतल्या भाकऱ्या खाल्ल्या.

ते मात्र खरंच होतं. निम्मी आळी तिच्या भट्टीत भाजून न्यायची. त्या गावची भाकरी आंबवलेल्या पिठाची; भाजण्याआधी ती मातीच्या थाळ्यांवर उन्हात फुगते. ऊन नसेल तर भट्टी पेटत नाही. शुक्रवारी पहाटेपासून धुळीचा वारा सुटला होता, सूर्य दिसलाच नाही. शेजारच्या नफिसानं आपली मळलेली कणीक तशीच झाकून परत नेली होती. त्या दिवशी साऱ्या गावानं शिळं खाल्लं होतं. इथं बसलेल्या एकूण एकानं.

"पोरी," हाजी म्हणाला, "तुमच्या धर्मातच माफी सांगितलीया. मग अडून कशाला बसतीस? भट्टीचं म्हन आन मोकळी हो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. तिथं तिचं डोकं फिरलं. घर जाळताना हाच धर्म यांच्या डोळ्यांत खुपत होता. आता तोच उचलून तिच्याच गळ्यावर ठेवत होते. तिनं अबूनांकडं पाहिलं. ते पुटपुटले, मुली, विसाचा विचार कर. त्यांनाही अंधार पडायच्या आत कालवा ओलांडायचा होता.

ती उभी राहिली. बाही मागं सारली. मनगटावर लहानपणी जत्रेत गोंदलेला हिरवा क्रूस होता.

"माफी पायजे ना हाजी? देते. पन भट्टीला कशी देऊ? तिनं माझं काय वाकडं केलंय? आमच्यात माफी मानसाला देत्यात, त्याचं नाव घिऊन."

हाजी काही बोलायच्या आत तिनं सुरुवात केली.

"रॉकेल वतलं त्या सलामाला म्या माफ केलं. बदवीनं भाईरनं कडी घातली, आत माझी पोर व्हती. त्याला माफ केलं. गोठ्यात पेटता बोळा टाकला त्या शेजारच्या हमामला माफ केलं. आन हाजी, तुमचा पुतन्या गालिब दारात हसत हुबा व्हता, त्यालाबी. येशूच्या नावानं. राग गेला न्हाई, त्यो माझ्याजवळ राहू द्या. माफी तुमची, घिऊन जा."

दारात पेले खणखणले. नफिसा चहाचं ताट घेऊन उभी होती. हमाम तिचाच मुलगा.

पोलीस आपल्या बुटांकडं बघत होता. हाजीचा आवाज अगदी बारीक झाला होता. "न्या हिला घरी," तो म्हणाला.

परतताना कालव्याशी आल्यावर म्हातारा थुंकला आणि म्हणाला, "बदवीचा भाऊबी व्हता. त्याला इसरलीस."

"त्याला उद्या देते," ती म्हणाली.

संध्याकाळी विसा आला नाही.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. दमियानानं गोळे थापून थाळ्या अंगणात मांडल्या. ईरिनी कोंबड्या हाकलायला बसली. मग भिंतीच्या भगदाडातून नफिसा आली, डोक्यावर आपल्या थाळ्या घेऊन.

"माझ्या पोराचं नाव चारचौघांत घ्यायलाच पायजे व्हतं का?"

"घेतलं नसतं तर माफी त्याला पोचली कशी असती, बाई?"

नफिसानं खाली वाकून आपल्या थाळ्या दमियानाच्या थाळ्यांशेजारी उन्हात ठेवल्या, दोन्हींत वीतभर अंतर राखून, आणि वर न बघता निघून गेली.

ईरिनी तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडं बघत होती.

"आई, तू माफ केलंस त्ये समदे घरी हायत. हमामबी घरी हाय."

"व्हय."

"मग बाबाला कुणी माफ करायचं राह्यलंय?"

दमियानाचे हात उरलेल्या पिठात तसेच थांबले. उन्हात भाकऱ्या फुगत होत्या.