दहापर्यंत मोजून

"चाचा, तुम्ही स्वतः हात लावून सांगितलं होतं, एसी गार झाला म्हणून!" स्नेहलने गाडीचं दार असं आपटलं की शेजारचा पंक्चरवाला हातातलं काम थांबवून बघायला लागला. "मंगळवारी घरी जाताना चांदोरीच्या पुढं आईला चक्कर आली. डायलिसिस करून दमलेलं माणूस, त्यात हे मे महिन्याचं ऊन. रस्त्याच्या कडेला गाडी लावून फाइलनं वारा घालत बसले मी तिला."

शौकतनं हातातला पाना खाली ठेवला आणि गाडीत डोकावून पाहिलं. पुढच्या सीटवर चंद्रभागाबाई बसल्या होत्या. दंडाला पट्टी, डोळ्यांवर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मिळालेला भलामोठा काळा चष्मा. लासलगावहून आठवड्यातून दोनदा त्या लेकीबरोबर नाशिकला यायच्या. आत्ताही इथून साठ किलोमीटर परत जायचं होतं.

"मी औषधं घेऊन येते. आज मात्र नीट बघा," स्नेहल म्हणाली आणि गेली.

नाशिकच्या वडाळा नाक्यावर गाड्यांच्या एसीचं दुकान चालवत शौकतला बत्तीस वर्षं झाली होती. एसी दुरुस्त झाला की तो उजव्या हाताची मागची बाजू डॅशबोर्डवरच्या वाऱ्याच्या जाळीपुढं धरायचा, मनात दहापर्यंत मोजायचा आणि म्हणायचा, "ओके. काचा लावा." त्याचं ओके म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मुलीनं, निलोफरनं, मागे एकदा हौसेनं थर्मामीटर आणून दिला, तर हा तिच्यावरच हसला. "मेरे हाथ को क्या हुआ?" डबी तशीच दुकानातल्या टेबलाच्या खणात पडली.

हाताला काय झालं होतं, ते त्याचं त्याला ठाऊक होतं. शुगरनं आधी पायाची बोटं बधिर केली, मग हाताची. आता चहाचा ग्लास गरम आहे की निवलाय, हेसुद्धा त्याला ओठाला लावल्यावर कळायचं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. दोन वर्षं तो हात धरायचा, दहा मोजायचा आणि बघायचा मात्र गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं. उन्हातून आलेल्या माणसाला गार वारा लागला की त्याच्या भुवया सैल पडतात. त्या भुवयांच्या भरवशावर शौकतचं दुकान चाललं होतं.

मागच्या मंगळवारी गॅस भरून झाल्यावर स्नेहल फोनवर कुणाशी तरी बोलता बोलता हसली. ते हसू एसीचं समजून त्यानं ओके म्हटलं होतं.

त्यानं गाडी चालू केली. गॅस पुरेपूर होता, पंखाही घोंघावत होता. त्यानं सवयीनं हात जाळीपुढं धरला आणि चंद्रभागाबाईंकडं पाहिलं. काळ्या चष्म्याआड भुवयाही गडप झाल्या होत्या.

"कसं वाटतंय, मावशी?"

"मला काय इचारतो? तुजा हात लय शाना हाय म्हन्ती पोरगी."

शौकतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं मान खाली घातली आणि तेव्हाच त्याचं लक्ष त्यांच्या पदराकडं गेलं. पदराचं टोक अगदी जाळीपुढं लोंबत होतं, पण हलत नव्हतं. पंखा एवढा बोंबलतोय आणि पदर जागचा हलत नाही? म्हणजे वारा आतच कुठंतरी अडला होता. हात धड असता तर हे मंगळवारीच कळलं असतं.

डॅशबोर्डचा खण काढून तो उताणा आत शिरला. झाकण उघडलं आणि त्याच्या तोंडावर पसाभर लाल, वाळकी कांद्याची टरफलं सांडली. आतली कूलिंगची जाळी त्यांनी ठासून भरली होती.

"मावशी, गाडी उभी कुठं असते तुमची?"

"खळ्यावर. कांदा निवडायच्या शेडमंदी. सावली हाय ना तिथं. गाडी तापाया नको म्हनून मीच सांगितलं पोरीला."

"तिथूनच पालापाचोळा ओढला गाडीनं. बादलीभर निघेल."

"आता गं बया!" त्या हसल्या. "म्हंजी म्याच माजी चक्कर आनली म्हन की."

तासभर तो ब्रशनं, हवेनं, पाण्यानं जाळी धूत राहिला. सगळं बसवून पुन्हा पंखा लावला, तेव्हा पदर फडफडला. पण वारा गार आहे का, हे पदर सांगत नव्हता. शौकतनं हात उचलला आणि खाली घेतला. या म्हातारीला अंदाजावर साठ किलोमीटर पाठवायचं त्याच्या जिवावर आलं.

"मावशी," तो म्हणाला, "माझ्या हाताला कळत नाही. दोन साल झाले. कुणाला सांगितलं नाही."

चंद्रभागाबाईंनी चष्मा काढला. त्याच्याकडं नीट पाहिलं. मग आपला पंजा जाळीवर धरला आणि मोठ्यानं मोजायला लागल्या. "एक... दोन..." दहा झाल्यावर हात वळवून त्यांनी तो शौकतच्या गालावर ठेवला.

हात खरखरीत होता आणि थंडगार होता. अम्मी गेल्यापासून त्याच्या गालाला असा कुणी हात लावला नव्हता.

"लागलं का गार?"

"लागलं, मावशी."

स्नेहल आली तेव्हा त्यानं तिलाही सांगून टाकलं, मंगळवारची चूक कशी झाली ते. तिनं औषधांची पिशवी मागच्या सीटवर ठेवली. मग हळूच म्हणाली, "मंगळवारी येऊ तेव्हा आमच्याबरोबर दवाखान्यात चला, चाचा. दाखवून टाकू हात." काचा लावून गाडी द्वारका चौकाकडं वळली.

शौकतनं टरफलं झाडून काढली. मग टेबलाच्या खणातली डबी काढून थर्मामीटरवरचा प्लास्टिकचा कागद सोलला. संध्याकाळी मनमाडची एक गाडी आली. काम झाल्यावर त्यानं थर्मामीटर जाळीत खोचला. आकडा आला आठ अंश, म्हणजे चांगलं गार. गिऱ्हाइकाला तो दाखवला.

आणि मग, गिऱ्हाईक काचा लावत असताना, त्यानं नुसत्या सवयीखातर उजवा हात जाळीपुढं धरला आणि दहापर्यंत मोजलं.