फक्त सूचना

चर्चच्या पाळकांचा आवाज बसला तो बसलाच. डॉक्टरांनी सहा महिने बोलायची बंदी घातली आणि मंडळीच्या कमिटीपुढे पेच पडला. रविवारी उपदेश कोण करणार? रीतसर धर्मशिक्षण घेऊन पहिल्या नंबराने पास झालेलं माणूस मंडळीत एकच होतं, आणि तीही बाई. शाळेत गणित शिकवायची, म्हणून सगळे तिला बाईच म्हणत. कमिटीचे चिटणीस तिचे सख्खे मामा. निवृत्त पोस्टमास्तर. उभ्या आयुष्यात नियमाबाहेर त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं.

"बायकांनी उपदेश करायचा नाही," मामांनी निकाल दिला. "गीतं दोन जास्त घेऊ. तू हवं तर सूचना वाच. खाली उभी राहून."

"बरं, मामा," ती म्हणाली. इतक्या मुकाट्याने म्हणाली, की चहा गाळणाऱ्या मामींनी मान वर करून पाहिलं.

रविवारी ती कागद घेऊन व्यासपीठाच्या पायरीखाली उभी राहिली. "एक निळी छत्री तीन आठवडे दाराशी पडून आहे. मालकाने नवी घेतली असावी. सोपं पडतं ते. एका मेंढपाळालाही तसं करता आलं असतं. नव्याण्णव मेंढरं होतीच की त्याच्याकडे."

तिथून ती त्या हरवलेल्या मेंढरामागे जी निघाली, ती काट्याकुट्यांतून, दऱ्याखोऱ्यांतून हिंडून बावीस मिनिटांनी त्याला खांद्यावर घेऊनच परतली. मागच्या बाकांवर लोक नाकं पुसत होते. "छत्री दाराशेजारी आहे," असं सांगून ती जागेवर जाऊन बसली.

उपासना संपल्यावर मामांनी तिला गाठलं. "ही सूचना होती?"

"छत्रीची, मामा."

"बावीस मिनिटं?"

"छत्री मोठी आहे."

पुढच्या रविवारी भिंतीच्या ओलीची सूचना झाली, त्याच्या पुढच्या रविवारी चुकून बदललेल्या चपलांची. मग कमिटीने ठराव केला: प्रत्येक सूचना लेखी हवी, शनिवारी दुपारच्या आत, चिटणिसांच्या सहीनिशी. आता पोरगी बरी सापडली, असं मामांना वाटलं.

शनिवारी तिने त्यांच्या टेबलावर चौदा पानं ठेवली. विषय: आवारातील नळाची दुरुस्ती. दुसऱ्या पानावर नळ संपून विहीर लागत होती, आणि विहिरीवर तहानलेला प्रभू एका परक्या बाईकडे पाणी मागत होता. मामांनी लाल पेन्सिल घेतली. विषय होता, तारीख होती, नाकारायला जागाच नव्हती. त्यांनी सही केली.

असे कितीतरी शनिवार गेले. एकदा दानपेटीच्या सूचनेत दोन दमड्या टाकणारी म्हातारी विधवा आली होती. ती पानं परत देताना मामा खाली बघतच म्हणाले, "ह्या म्हातारीला तू फार लवकर घरी धाडलंस. तिला अजून बोलायचं असणार."

तिने दोन पानं वाढवली.

पाळकांचा आवाज परत आला तरी सूचना काही थांबल्या नाहीत. त्या बंद करायचं म्हटलं, तर लोक ऐकायलाच तयार नव्हते. मग बिशप भेटीला आले. "आमच्याकडे स्त्रिया उपदेश करत नाहीत," मामांनी छाती काढून सांगितलं. "फक्त सूचना करतात." बिशपांनी त्या रविवारची सूचना डोळे मिटून ऐकली आणि जाताना सह्या केलेल्या सूचनांची फाईल मागून नेली.

महिन्याने पत्र आलं. चिटणिसांनी दीड वर्ष दर आठवड्याला तपासून मंजूर केलेले हे उपदेश पाहता मंडळीची संमती स्पष्ट दिसते. सबब बाईंना पाळकपदाची दीक्षा देण्याचं ठरलं आहे. त्या भागात त्याआधी कुठल्याही स्त्रीला ती मिळाली नव्हती.

तिसऱ्या दिवशी मामा तिच्या दारात उभे राहिले. "माझ्याच सहीने माझी फजिती केलीस."

"पहिले काही आठवडे केली," तिने कबूल केलं. "नंतर नाही. नंतर तुम्ही त्या म्हातारीला थांबवून घेतलंत."

मामा चपला काढून आत आले.

दीक्षा झाली. पुढच्या रविवारी ती पहिल्यांदा पायऱ्या चढून वर गेली, आणि तेवढ्याशा उंचीवरून माणसं भलतीच लांब दिसू लागली. अकरा मिनिटांत तिने कसाबसा उपदेश उरकला. तीन जण जांभया देताना तिने स्वतः पाहिले.

ती झगा उतरवत असताना मामा आत आले. "पडेल झाला उपदेश," ते म्हणाले.

"माहीत आहे, मामा."

"खालून बोलायचीस तेव्हा लोकांकडे बघायचीस. आज छताकडे बघत होतीस." त्यांनी झगा तिच्या हातातून घेऊन नीट घडी घातली. "शनिवारी ये घरी. मामी वाट बघते."

ती हसली आणि झगा पुन्हा अंगावर चढवला. बाहेर एक बाळ तिच्या हातून बाप्तिस्म्यासाठी आणलं होतं आणि ते आधीच रडायला लागलं होतं.